भाकरीपर्यंत येऊन थांबलेली प्रार्थना

यंदाही थंडी पडली आणि जळगावात रस्त्यांच्या कडेला भरताच्या वांग्यांचे ढीग लागले. पांढरट हिरवी, लांबट, गुळगुळीत वांगी. विकणारे त्यांच्यावर पाणी शिंपडतात, त्यामुळे सकाळच्या उन्हात ती नुकतीच अंघोळ घालून ओळीनं झोपवल्यासारखी दिसतात. संध्याकाळी शहराच्या कडेनं धूर येऊ लागतो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जात असतात. हा धूर डोळ्यांत फारसा जात नाही, कपड्यांत जातो. दुसऱ्या दिवशी ओढणी काढावी तर तिला वास असतोच.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करते. शेजारच्या टेबलावर मोना बसते. ती दर हिवाळ्यात सगळ्यांची भरीत पार्टी ठरवते. कुणाच्या तरी शेतात जायचं, काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची, लाकडी बडगीत मुसळानं ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची आणि मग हात धुऊनही वास जात नाही म्हणून एकमेकांना हात हुंगायला लावायचे.

"तू येशील ना? की यंदाही 'बघते'?" मोनानं विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. मीही हसले. नकार देताना मला नेहमी अर्धवट शब्द सापडतात. पूर्ण वाक्य तयार होईपर्यंत समोरच्यानं विषय बदललेला असतो.

पण भरीत मला आवडतं. फक्त काड्यांचा धूर आला की मला एक वेगळा हिवाळा आठवतो, आणि तो सगळ्यांबरोबर बसून आठवण्यासारखा नाही.

तो हिवाळा धुळ्यातला. आमचं घर तिथं आहे. पप्पांची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या डोक्यावर लाल अक्षरांची पाटी आणि आत दोन माणसांसाठी दोन ब्रेक. शिकणारा उजवीकडे, पप्पा डावीकडे. पप्पांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा क्लच आणि स्वतःचा ब्रेक. धुळ्यातल्या कितीतरी लोकांनी पप्पांच्या उजव्या हाताला बसून जगाला घाबरायचं सोडलं. "आरशात बघा. अहो काकू, तोंड बघायला नाही, मागची रिक्षा बघायला." "क्लच सोडा, हळू सोडा, लेकराला झोपवून हात काढतो तसा." दिवसभर बोलून घरी आलेला माणूस गप्प बसेल असं वाटतं. पप्पा घरी येऊन दिवसभर काय बोलले ते सांगत. मी ऐकत असे. आमच्या घरात बोलण्याचं काम पप्पांकडे होतं आणि ऐकण्याचं माझ्याकडे. त्यात कुणाचीच तक्रार नव्हती.

नोव्हेंबरात एका सकाळी ते बूट घालायला बसले आणि उजवा पाय त्यांना सापडेना. मम्मीला वाटलं, चेष्टा करताहेत. मग त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

मी जळगावहून पोचले तेव्हा ते दवाखान्यात होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंच, पण शब्द बाहेर काढायचा रस्ता तुटलाय. पप्पा माझ्याकडे बघून "तत, तत, तत" असं काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. शिंदखेड्याहून मावशी आली होती. ती मम्मीच्या गळ्यात पडून रडली, पप्पांच्या पायांशी रडली, बाहेरच्या बाकावर अनोळखी बायांबरोबरही रडली. मग माझ्याकडे वळली.

"तुले रडू कसं येत नही वं?"

मला सांगता आलं नसतं. मला काही वाटतच नव्हतं. सलाईनची बाटली, पप्पांच्या पायजम्याची नाडी चुकीच्या बाजूला बांधलेली, खिडकीच्या गजावर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल, हे सगळं दिसत होतं, फार स्वच्छ दिसत होतं, आणि तेवढंच. काचेच्या पलीकडचं असावं तसं. लोकांना वाटलं, मुलगी धीराची आहे. मी धीराची नव्हते. मी तिथं नव्हतेच.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी मम्मीनं दिवा लागल्यावर प्रार्थना करायचं ठरवलं. आम्ही ख्रिस्ती, आमच्याकडे ही रोजची रीत. गीत, वचन, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एरवी ती पप्पा सुरू करत आणि गाडी टॉप गिअरला टाकल्यासारखी एका दमात संपवत, कारण स्वयंपाकघरात भाजी गरम असे. त्या दिवशी मम्मीनं सुरुवात केली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हणाली आणि तिचा आवाज बसला. मावशी पुढचं म्हणू लागली, ती हुंदक्यात अडकली. मी ओठ हलवत होते.

आणि कॉटवरून आवाज आला. पप्पांचा. स्वच्छ, खर्जातला, ओळखीचा. 'तुझे नाव पवित्र मानले जावो' पासून ते 'आम्हास वाइटापासून सोडव' आणि थेट शेवटपर्यंत. एकही शब्द अडला नाही. आमेन म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हीच का गप्प झालो ते त्यांना कळत नव्हतं.

"माय वं! दाजी बोलनात! बठ्ठी प्रार्थना म्हनी टाकी!" मावशी उठून उभी राहिली.

मम्मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडू लागली. "बोला, अजून बोला. माझं नाव घ्या. पाणी पाहिजे? म्हणा, पाणी."

पप्पांनी तोंड उघडलं. "तत," ते म्हणाले. "तत, तत."

स्पीच थेरपीच्या मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मम्मीनं त्यांना अगदी आनंदानं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, असं होतं. रोज वर्षानुवर्षं म्हटलेलं, पाढे, आरत्या, प्रार्थना, शिव्यासुद्धा, हे मेंदूत वेगळ्या जागी राहतं. ते आपोआप येतं. पप्पा काय काम करायचे ते ऐकून त्यांनी सोपं करून सांगितलं, "उतारावर गाडी न्यूट्रलमध्येही पळते ना, तसं समजा. गाडी पळतेय म्हणून इंजिन चालू आहे असं धरू नका."

मम्मीचा चेहरा उतरला. मी विचारलं, "मग इंजिन चालू झालंय हे कसं ओळखायचं?" दिवसभरात मी बोललेलं ते बहुतेक पहिलं वाक्य असावं.

"मधे थांबले तर," मॅडम म्हणाल्या. "स्वतःहून, त्यांना हव्या त्या शब्दावर थांबले, तर. आणि एखादा शब्द त्यातून सुटा काढून, मागचं काही न म्हणता, थेट वापरला तर मग फारच छान."

म्हणजे आता घरातल्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती. पप्पांचा एक शब्द. पाठ केलेला नाही, स्वतःचा. कुठलाही चालला असता.

रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून सराव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मम्मी रडायची, मावशी तिच्याहून जास्त रडायची, आणि रडणारं माणूस समोर असलं की पप्पांचं 'तत, तत' वाढायचं. मी रडत नव्हते. त्या घरात त्या महिन्यात माझ्या बधिरपणाचा तेवढा एक उपयोग झाला.

सराव असा होता की दोघांनी मिळून प्रार्थना सुरू करायची, मी एका शब्दाच्या आधी गप्प व्हायचं आणि तो शब्द त्यांना भरू द्यायचा. 'आमची रोजची', मी म्हणायची. 'भाकर', पप्पा म्हणायचे. मग मी दादर ज्वारीची भाकरी ताटलीत घालून त्यांच्यासमोर धरायची. "पप्पा, हे काय आहे?"

ते भाकरीकडे बघत. कपाळावर घाम येई. ओठ पुढे येत, मागे जात. सगळ्या धुळ्याला रिव्हर्स शिकवलेला माणूस एका शब्दापर्यंत गाडी मागे घेऊ शकत नव्हता. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून भाकरीकडे बघायची. पापुद्रा आधी फुगलेला असे, मग बसे. कडा वाळून वर वळत.

एक सांगायला हवं. मला ही प्रार्थना दोनदा पाठ होती. घरी मराठीत आणि शाळेत इंग्रजीत. इंग्रजी शाळेत रोज सकाळी मैदानावर, डोळ्यांवर ऊन घेत, हजेरी दिल्यासारखी आम्ही ती म्हणायचो. त्यातले निम्मे शब्द आम्ही परीक्षेतही कधी वापरले नसते. घरी भाजी गरम असायची म्हणून घाई, शाळेत पहिला तास सुरू व्हायचा म्हणून घाई. एकच गोष्ट दोन भाषांत येत असली की ती दुप्पट समजते असं नाही. मला ती दोन्हीकडे सारखीच येत होती. डोळे मिटायचे, आणि उघडायची वेळ होईपर्यंत तोंड हलवायचं.

आता मी तीच प्रार्थना एकेका शब्दापाशी थांबून म्हणत होते. भक्ती म्हणून नव्हे, व्यायाम म्हणून. आणि थांबत गेल्यामुळे एक अडचण झाली. मला शब्द ऐकू यायला लागले. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी आल्यावर समोर पप्पांचा उजवा हात दिसायचा. मांडीवर उपडा पडलेला, कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. ही ओळ मी कशी म्हणायची? रागानं नाही म्हणत. राग यायलाही काहीतरी वाटावं लागतं. पण खोटं बोलतोय एवढं मला कळत होतं. मग मी तिथं ओठ मिटून घ्यायला लागले. ती ओळ पप्पा एकटे म्हणत, मी पुढच्या ओळीला त्यांना गाठत असे.

हळूहळू इतरही ओळी गळल्या. राज्य येवो म्हणताना कुठलं राज्य हे मला माहीत नव्हतं, म्हणून तेही सोडलं. क्षमेच्या ओळीत मी ज्यांना क्षमा केली असं कुणी आठवेना. माझ्या वाट्याला शेवटी फक्त भाकर उरली, आणि तीही पप्पांना बोलतं करायचं साधन म्हणून.

एका संध्याकाळी मम्मी भाकरी थापत होती. परातीवर हाताचा थपथप आवाज येत होता. मी सराव सुरू करायच्या आधी कोमट पाणी आणायला उठले, तर पप्पांनी स्वतःच प्रार्थना सुरू केली. अजून दिवाही लागला नव्हता. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पासून. नेहमीच्या वेगात. नाव, राज्य, इच्छा, सगळं मागे टाकत 'आमची रोजची भाकर' इथपर्यंत आले आणि थांबले.

मी दारात उभी राहिले. मला वाटलं, विसरले.

त्यांनी डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे केला. आणि माझ्याकडे बघितलं. शिकणाऱ्याला ब्रेक दाबायला सांगून न दाबल्यावर बघायचे, तसं.

मी ताटलीत भाकरी आणि दूध घेऊन आले. मम्मीला सांगितलं, "पप्पांना भूक लागलीय." ती म्हणाली, "तुला कसं कळलं?" मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं." ती हातातल्या पिठासकट बाहेर आली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "थांबले? स्वतः? मग कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवलाय." त्या खुश झाल्या. मम्मी खुश झाली. मावशीनं फोनवरून शिंदखेड्याच्या अर्ध्या गल्लीला सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी भाकरी दुधात कुस्करत होते आणि मनात एवढंच आलं की दूध जरा जास्त गरम आहे.

त्यानंतर पप्पा प्रार्थना वापरायला लागले. दुसरं काही नव्हतंच त्यांच्याकडे. पण सुटा शब्द काही निघत नव्हता. 'भाकर' म्हणायला प्रत्येक वेळी स्वर्गातल्या पित्यापासून निघावं लागे. तहान लागली तरी भाकर, औषधाची वेळ झाली तरी भाकर. आम्ही विचारत विचारत शोधायचो. आणि दुसरा एक उपयोग त्यांनी स्वतःच काढला. भेटायला येणाऱ्यांसाठी.

आमच्यात कुणाच्या घरी गेलं की उठताना प्रार्थना होते. आमेन झालं की चपला शोधायच्या. पप्पांनी हे हेरलं. त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या एक मारवाडी काकू आल्या, साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई. येऊन बसल्या त्या उठेनात.

"सर, तुम्ही असे झोपून कसं चालेल? मला अजून पार्किंग येत नाही. परवा ह्यांच्या स्कूटरलाच लावली गाडी."

पप्पा हसले. अर्ध्या तोंडानं.

"आणि सर, तो माझा भाचा पण शिकायचाय. आणि सर, आमच्या दुकानासमोर आता नो पार्किंग केलंय, सांगा बरं काय करायचं..."

पप्पांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. काकूंनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. मम्मीनं, मी, सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना कुठंही न थांबता सुसाट आमेनपर्यंत गेली. आमेन झाल्याबरोबर पप्पांनी दाराकडे पाहिलं.

काकू भारावून उठल्या. "किती छान प्रार्थना केली हो सरांनी माझ्यासाठी," मम्मीला म्हणाल्या.

त्या गेल्यावर मम्मी आणि मी एकमेकींकडे बघितलं. मम्मी पदर तोंडात धरून हसत सुटली, किती दिवसांनी. मी पण हसले. म्हणजे चेहऱ्यानं हसले. पप्पा छताकडे बघत होते, अगदी साळसूद.

त्या हसण्यानंतर मला पहिल्यांदा वाटलं की माणूस आत आहे. पूर्ण आहे. फक्त त्याला जाण्यायेण्यासाठी एकच रस्ता उरलाय, आणि तो रस्ता म्हणजे मी वर्षानुवर्षं न बघता तुडवलेली ही आठ-दहा वाक्यं.

नाताळच्या आधी चर्चचे पाळकसाहेब आले. "सलाम," म्हणाले, पप्पांचा डावा हात हातात घेऊन बसले. पप्पांनी त्यांना प्रार्थना म्हणून दाखवली. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. साधे, मायाळू गृहस्थ. ते मम्मीला म्हणाले, "यांना नाताळच्या उपासनेला आणा. मंडळीपुढे ते प्रभूची प्रार्थना चालवतील. याहून मोठी साक्ष काय असणार? सगळी वाचा गेली, पण देवानं ही तेवढी ठेवली."

मम्मी लगेच हो म्हणाली.

ते गेल्यावर मी म्हणाले, "नको ना मम्मी. मॅडम म्हणाल्या होत्या ना, ते आपोआप..."

"मॅडमना मॅडमचं कळतं. पप्पांच्या तोंडून देवाचं नाव निघतंय ते लोकांना ऐकू दे की. एवढं तरी दाखवण्यासारखं उरलंय आपल्याकडे."

मावशी तिच्या बाजूनं. "देवले बठ्ठं समजस," ती मला म्हणाली, "तू मधमा नको पडू."

मी पडले नाही. मी 'बघू' म्हणाले, आणि तोपर्यंत मम्मी पप्पांचा कोट उन्हात टाकायला गेली होती.

नाताळच्या दिवशी चर्चच्या आवारात सकाळपासून प्रीतिभोजनाची तयारी होती. आमच्याकडे केकपेक्षा भरीत-पुरीचं कौतुक जास्त. भिंतीच्या कडेला काड्यांचा जाळ, त्यावर वांगी, बाया बडग्या धुऊन पालथ्या घालत होत्या. कागदी चांदण्या वाऱ्यानं उलट्या होत होत्या. पप्पांना खुर्चीत बसवून आत नेलं, मग दोघांनी धरून पुढे उभं केलं. उजवीकडून मी धरलं होतं. त्यांचं सगळं वजन त्या बाजूनं माझ्यावर येत होतं. मंडळी भरलेली. मला समोर बघता येईना. माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की शाळेतही मी दुसऱ्या कुणाच्या मागे लपायची. त्या दिवशी तेही सुचलं नाही. मी पायांखालच्या फरशीकडे बघत राहिले.

पाळकसाहेबांनी पप्पांविषयी चार शब्द सांगितले. मग म्हणाले, "आता आपले बंधू आपल्याला प्रार्थनेत चालवतील."

पप्पांनी सुरू केली. माईकमधून त्यांचा आवाज सगळ्या भिंतींना लागला. मंडळी मागोमाग म्हणू लागली. कुणी नाक ओढत होतं. नाव, राज्य, इच्छा. इच्छेपाशी मी सवयीनं ओठ मिटले. 'आमची रोजची भाकर'.

पप्पा थांबले.

घरी तिथं थांबलं की मी असायची, विचारायची, काहीतरी मिळायचं. म्हणून थांबले असतील. किंवा बाहेरून भाजल्याचा वास येत होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण मंडळी थांबली नाही. शंभर माणसांची प्रार्थना एका माणसासाठी कशी थांबेल? ती त्यांच्या अंगावरून पुढे गेली. भाकर आज आम्हास दे, क्षमा, परीक्षा, सगळं आणखी जोरात, त्यांना मदत करायची म्हणून मुद्दाम जोरात. पप्पा मधे गाठायला बघत होते. एखादा शब्द तोंडात धरत, तोवर लोक पुढच्या शब्दावर. मी मान वर केली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर पळत होते. सगळे डोळे मिटून म्हणत होते. त्यांना बघणारं कुणी नव्हतं.

मी बघत होते. आणि मीही गप्प होते. दोघंही भाकरीपाशीच उभे होतो.

आमेन झालं. लोकांनी डोळे उघडले.  पाळकसाहेब पुढे येऊ लागले.

तेव्हा पप्पांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना त्या बाजूला वळायला फार कष्ट पडतात. माझ्याकडे बघून ते म्हणाले,

"सोडव."

एवढंच. मागचं काही नाही. स्वर्गातल्या पित्यापासून निघाले नाहीत, राज्यावरून आले नाहीत, इच्छेवरून आले नाहीत. प्रार्थनेच्या पार शेवटाकडचा तो शब्द त्यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला.

माईक सुरू होता. मंडळीनं तो ऐकला. लोकांना वाटलं, राहिलेली ओळ पूर्ण केली. पुढच्या बाकावरच्या एक आजी हात उंचावून म्हणाल्या, "आमेन!" आणि त्यांच्या पाठोपाठ सगळे, "आमेन, आमेन."

नंतर पप्पांना बरेच शब्द आले. पाणी आलं, पंखा आला, रिक्षा आली, एका शेजाऱ्याला देण्याजोगी एक शिवी आली. मम्मीचं नाव आलं. माझं अजून आलेलं नाही. ते मला मम्मीच्या नावानं हाक मारतात आणि मी ओ देते. जळगावहून फोन केला की मम्मी फोन त्यांच्या कानाला लावते. मी पूर्वी फोनवर गप्प असायची, आता मला बोलावं लागतं. आज काय टाईप केलं, मोना काय म्हणाली, वांगी काय भावानं. ते ऐकतात. काम बदललंय आमचं. पण त्या सगळ्या शब्दांच्या आधीचा, पहिला, तो होता. आणि तो ऐकणाऱ्या सगळ्यांनी त्याला आमेन म्हणून टाकलं होतं.

तर त्या दिवशी चर्चमध्ये, त्या आमेननंतर, मी माईक बाजूला केला. पाळकसाहेबांना काहीतरी म्हणाले, बहुधा 'एक मिनिट'. पप्पांचा उजवा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि त्यांना घेऊन मधल्या वाटेनं चालायला लागले. उपासना अर्धी होती. सगळी मंडळी बघत होती. पप्पांचा उजवा पाय फरशीवर घासत येत होता आणि त्याचा आवाज सगळ्या चर्चमध्ये ऐकू येत होता. मला एवढ्या लोकांमधून असं चालता येईल हे मला माहीत नव्हतं. येतं. एका वेळी एकच पाऊल टाकायचं असतं आणि त्यातही निम्म्याहून जास्त लक्ष दुसऱ्याच्या पायाकडे असतं.

बाहेर ऊन होतं. पारावर त्यांना बसवलं. कोटाची बटणं काढली. काड्यांच्या जाळापाशी बसलेल्या बायांनी विचारलं, काय झालं, चक्कर आली का? मी म्हणाले, नाही, भूक लागलीय. एकीनं पुरीवर गरम भरीत घालून दिलं. पप्पा डाव्या हातानं खायला लागले. हनुवटीवर सांडलेलं मी ओढणीनं पुसलं.

मम्मी धावत बाहेर आली. मागे मावशी.

"काय झालं? असं मधेच का उठवलंस त्यांना? लोक काय म्हणतील?"

"पप्पा बोलले," मी म्हणाले.

"हो, ऐकलं ना सगळ्यांनी. किती छान संपवली त्यांनी."

"प्रार्थना नाही मम्मी. माझ्याशी बोलले. सुटा शब्द. मागचं काही न म्हणता."

मम्मी एकदम थांबली. मग ती पप्पांसमोर खाली बसली, जमिनीवरच, नव्या साडीसकट. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं माझ्याकडे वर बघितलं. तिचा चेहरा अगदी लहान झाला होता.

"काय म्हणाले गं?"

मी सांगायला तोंड उघडलं. शब्द तोंडात होता, साधा, तीन अक्षरी, मी हजारदा म्हटलेला. पप्पा खायचं थांबून माझ्याकडे बघत होते. त्यांचा तो उजवा हात मांडीवर तसाच उपडा पडलेला होता, मम्मीचा हात त्याच्या शेजारी. मला उगाच वाटलं, हा शब्द आता नुसता सांगता येणार नाही.

"सोडव," मी म्हणाले.

आवाज माझा नसल्यासारखा आला. मम्मीला उत्तर म्हणून मी तो शब्द उच्चारला होता, यात शंका नाही. पण म्हणून झाल्यावर माझी नजर मम्मीवरून हलून वर गेली होती, आणि मी कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत तशीच उभी होते.